पंधरा अक्षरं लिहिली म्हणे : ‘फाइलमध्ये ओळ लिहा’ या धड्याविषयी

पायथन शिकलेल्या प्रत्येकाने हा धडा केलेला असतो. ‘ओपन’ म्हणायचं, फाइलचं नाव द्यायचं, लिहायचं आहे म्हणून ‘डब्ल्यू’ सांगायचं, मग ‘राइट’ आणि कंसात एक ओळ. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन. फाइल बंद. दुसऱ्या भाषेत शिकला असाल तर नावं वेगळी, धडा तोच. लूप आणि फंक्शनच्या मानाने तो इतका सोपा वाटतो की शिकवणारे पाच मिनिटांत उरकतात आणि शिकणारे पुन्हा कधी उघडून बघत नाहीत. आज तोच उघडून बघू या, हातात मराठी ओळ घेऊन. (पॉडकास्टमध्ये कोड वाचून दाखवला की ऐकणारे पळतात, म्हणून हे लेखातच बरं.)

माझी तक्रार अशी आहे की हा धडा फक्त लिहिणाऱ्याचा विचार करतो. ओळ फाइलमध्ये गेली की धडा संपला. ती ओळ पुढे कोण उघडणार, कुठल्या मशीनवर, किती वर्षांनी, हा प्रश्न त्यात येतच नाही. इंग्रजी ओळीचं त्यावाचून फारसं अडत नाही. मराठी ओळीचं अडतं, आणि बहुतेक वेळा ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

टीका करायची तर चांगल्या नमुन्यावर करावी, म्हणून पायथनचं अधिकृत ट्युटोरियल घेते. त्याचं सातवं प्रकरण इनपुट-आउटपुटचं आहे आणि त्यात फाइली वाचण्या-लिहिण्याचा भाग येतो. भाग चांगला लिहिलेला आहे. ‘डब्ल्यू’ने उघडलेली जुनी फाइल पुसली जाते, हे तो सांगतो. फाइल नीट बंद केली नाही तर प्रोग्रॅम व्यवस्थित संपूनही सगळा मजकूर डिस्कवर पोचलेला नसेल, हेही सांगतो; कित्येक पुस्तकं एवढंसुद्धा सांगत नाहीत. एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ द्या, असा सल्लाही आता त्यात आहे. मग तक्रार कसली? उदाहरणाची. ‘ही एक चाचणी आहे’ अशा अर्थाचं छोटं इंग्रजी वाक्य आणि त्यामागे बॅकस्लॅश एन अशी ओळ तिथे लिहिली जाते, आणि ‘राइट’ उत्तर देतं: १५. म्हणजे पंधरा अक्षरं लिहिली. चौदा वाक्याची, एक ओळ संपल्याची. डोळ्यांना पंधरा दिसतात, पायथन पंधरा म्हणतो, फाइलही पंधरा बाइटची होते. तिन्ही आकडे जुळले, म्हणजे विद्यार्थ्याच्या मनात अक्षर, कोडपॉइंट आणि बाइट एकच होऊन बसले.

आता ‘ही चाचणी आहे’ ही ओळ लिहून बघा, बॅकस्लॅश एनसकट. आपण शाळेत मोजतो तशी अक्षरं सहा: ही, चा, च, णी, आ, हे. ‘राइट’ मात्र १३ सांगेल. ह वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, च वेगळा, काना वेगळा असे दहा कोडपॉइंट, दोन मोकळ्या जागा आणि एक ओळ संपल्याची खूण. फाइल उघडून तिचा आकार बघितला तर ३३ बाइट, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. विंडोजवर ३४ होतील, कारण तिथे ओळ संपवायला दोन बाइट लागतात: टेलिप्रिंटरच्या काळातलं गाडी मागे आणणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं, ही दोन कामं अजून दोन चिन्हांनी होतात. म्हणजे सहा, तेरा, तेहेतीस, चौतीस. एका ओळीचे चार आकडे, आणि चारही बरोबर. हे एक उदाहरण धड्यात असतं तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.

आणखी एक गंमत ‘राइटलाइन्स’ची. नावावरून वाटतं, यादी दिली की एकेक ओळ लिहून देईल. तसं काही होत नाही. ते ओळी संपवत नाही. दिलेले तुकडे एकाला एक चिकटवून देतं. ओळ संपल्याची खूण तुम्हीच आधी घालायची. ‘प्रिंट’ला फाइल दिली तर ते बिचारं आपणहून ओळ संपवतं. नाव ठेवणाऱ्यांनी वाचायच्या बाजूच्या ‘रीडलाइन्स’शी जोडी जमवली आणि अर्थ वाऱ्यावर सोडला. पण हा दोष सगळ्यांना सारखाच छळतो, त्यात मराठीचं वेगळं गाऱ्हाणं नाही, म्हणून पुढे जाऊ.

एन्कोडिंग दिलंच नाही तर काय होतं, हे तुम्ही कुठे बसलाय त्यावर ठरतं. मॅकवर किंवा लिनक्सवर बहुधा काहीच होत नाही, कारण तिथे न सांगता यूटीएफ-८ धरतात. विंडोजवर आजवरचा पायथन मशीनचं जुनं कोडपेज धरत आला आहे, आणि अमेरिकेतल्या मशीनचं ते पान म्हणजे १२५२: पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती अक्षरं असलेला तक्ता. तुम्हाला वाटेल, पुण्यातल्या मशीनवर तरी मराठीचं पान असेल. नसतं. विंडोजने सिस्टिमचं कोडपेज म्हणून मराठीला किंवा हिंदीला असं पान कधी दिलंच नाही, त्यामुळे ‘इंग्लिश (इंडिया)’ लावलेलं मशीनही १२५२ वरच चालतं. कोथरूडमधला लॅपटॉप आणि न्यू जर्सीतला लॅपटॉप मराठीच्या बाबतीत सारखेच परके.

अशा मशीनवर एन्कोडिंग न सांगता मराठी ओळ लिहायला गेलात तर पायथन लिहीत नाही. एरर देतो: हे अक्षर या तक्त्यात बसत नाही. इथे मला पायथनचं कौतुकच आहे. न जमणारं काम नाकारणं हा मोठा गुण. घोटाळा पुढे होतो.

आमच्या वेस्ट विंडसरमधलीच गोष्ट. शाळेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी; आजी सहा महिन्यांसाठी आलेली. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, आणि जातं नसलं तरी भांडी आवरताना त्या तोंडात येतात. मुलीने छोटासा प्रोग्रॅम केला: खिडकीत ओळ टाइप करायची, एंटर दाबला की ती फाइलच्या शेवटी जोडली जाते. पहिल्याच ओळीला एरर आली. तिने ती शोधली, तेव्हा उत्तर मिळालं की ‘ओपन’मध्ये ‘एरर्स’च्या जागी ‘रिप्लेस’ लिहा. तसं लिहिलं, एरर गेली. दोन शनिवार-रविवार आजी सांगतेय आणि नात टाइप करतेय. नंतर फाइल उघडली तेव्हा तिच्यात प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या.

यात कुठेही आळस नाही. तिने धडा केला तसाच केला होता. ‘रिप्लेस’चा अर्थ असा की जे अक्षर तक्त्यात बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून पुढे जा. ‘ही चाचणी आहे’चं होतं दोन प्रश्नचिन्हं, जागा, पाच प्रश्नचिन्हं, जागा, तीन प्रश्नचिन्हं. ओळींची संख्या बरोबर, शब्दांची संख्या बरोबर, फाइलचा आकारही संशय यावा असा नाही. फक्त मजकूर नाही. आणि तो परत येत नाही, कारण प्रत्येक अक्षराच्या जागी एकच बाइट आहे आणि ते बाइट सगळीकडे तेच आहे. ‘रिप्लेस’च्या जागी ‘इग्नोर’ लिहिलं असतं तर मोकळ्या जागांच्या ओळी मिळाल्या असत्या. आजीच्या बऱ्याच ओव्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या होत्या, म्हणून त्या पुन्हा टाइप झाल्या. ज्या नव्हत्या त्या आजीने पुन्हा सांगितल्या, पण काही ठिकाणी वेगळ्या सांगितल्या. ओव्यांचं असंच असतं.

म्हणून एरर हा शब्द धड्यात ज्या सुरात येतो तोच मला खटकतो. एरर म्हणजे अडथळा, तो दूर करा. इथे एररच तेवढी मराठीच्या बाजूने बोलत होती, आणि तिला गप्प करायचा उपाय एका शब्दाचा होता. आजही या एररविषयी शोधलंत तर ‘इग्नोर’ आणि ‘रिप्लेस’ हे सल्ले यूटीएफ-८ च्या सल्ल्याशेजारीच, तितक्याच आत्मविश्वासाने दिलेले सापडतात. एक उपाय मजकूर वाचवतो आणि दुसरा पुसतो, हा फरक सांगायला कुणी थांबत नाही.

दुसरा घोटाळा उलट बाजूचा, वाचताना होणारा, आणि तो निदान भरून निघतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये नीट लिहिलेली आहे, पण उघडणाऱ्याने ती १२५२ समजून उघडली. मग प्रत्येक कोडपॉइंटची तीन-तीन चिन्हं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरं, दुसऱ्या वेलांटीपाशी किंवा मात्रेपाशी चलनाच्या चिन्हाऐवजी चक्क जपानी येन. (वेस्ट विंडसरमधल्या ग्रोव्हर्स मिलला मंगळावरून यान उतरल्याचं १९३८ साली रेडिओ नाटकात सांगितलं होतं, त्याची आठवण म्हणून तिथल्या बागेत स्मारकही आहे. त्या पाहुण्यांची लिपी अशीच असावी.) हे बघून लोक घाबरतात आणि फाइल टाकून देतात. टाकू नका. बाइट जागेवर आहेत. फक्त चष्मा चुकीचा आहे.

पण इथेही एक खोच आहे, आणि ती मला कुठल्या पुस्तकात दिसली नाही. १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. त्या जागांचे बाइट आले की पायथन वाचायचं थांबवतो. आपल्या लिपीतले कोण कोण त्या जागांवर पडतात? ए, ऐ, झ, चंद्रबिंदू वगैरे आणि, सगळ्यात महत्त्वाचं, हलन्त. म्हणजे ‘मला घर आवडतं’ ही ओळ चुकीच्या चष्म्यातूनही बिनबोभाट वाचली जाते, कचरा होऊन. ‘महाराष्ट्र’ आला की एरर. ‘झाड’ आलं की एरर. तुम्ही तुमचा प्रोग्रॅम दोन-तीन साध्या, जोडाक्षर नसलेल्या वाक्यांवर तपासला आणि तो ‘चालला’, तर त्याचा अर्थ तो बरोबर आहे असा होत नाही. आपल्या बालभारतीत सुरुवातीला जोडाक्षरं नसतात ते मुलांसाठी ठीक आहे, चाचणीसाठी नाही.

इथे न्यू जर्सीचा थोडा अभिमान बाळगायला जागा आहे. यूटीएफ-८ ची आखणी केन थॉम्पसनने १९९२ च्या सप्टेंबरात, रॉब पाइकसमोर, याच राज्यातल्या एका डायनरमध्ये टेबलावरच्या कागदी प्लेसमॅटवर केली. दोघंही मरी हिलच्या बेल लॅब्जमधले. वेस्ट विंडसरहून उत्तरेला तासाभराच्या ड्राइव्हवर. त्यांना हवं होतं ते असं: जुन्या इंग्रजी फाइली जशाच्या तशा वैध राहाव्यात, आणि इंग्रजी अक्षरांचे, ओळ संपवण्याच्या खुणेचे बाइट दुसऱ्या कुठल्याही लिपीच्या अक्षराच्या पोटात कधीही येऊ नयेत. दुसरी अट आपल्यासाठी किती मोलाची आहे ते ‘ऊ’ला विचारा. ऊचा युनिकोड क्रमांक सोळाच्या पाढ्यात ०९०ए. हा क्रमांक सरळ दोन बाइट करून लिहिला, जसं यूटीएफ-१६ करतं, तर पहिला बाइट होतो ०९, म्हणजे टॅब, आणि दुसरा ०ए, म्हणजे नवी ओळ. बाइट बघून ओळी तोडणाऱ्या कुठल्याही जुन्या अवजाराला ‘ऊस’ म्हणजे एक टॅब, एक नवी ओळ, पुन्हा एक टॅब आणि आठाचा आकडा. उसाच्या पट्ट्यातली यादी असेल तर बघायलाच नको. आणि ही काल्पनिक भीती नाही: विंडोजच्या नोटपॅडमध्ये कितीतरी वर्षं ‘युनिकोड’ नावाचा जो पर्याय होता तो यूटीएफ-१६ चाच होता. नोटपॅडने न सांगता यूटीएफ-८ धरायला सुरुवात केली ती २०१९ मध्ये. यूटीएफ-८ मध्ये हाच ऊ तीन बाइटचा होतो आणि त्यातला एकही बाइट ओळ तोडू शकत नाही.

म्हणजे ‘ओळ’ ही वस्तू मराठीत सुखरूप राहावी याची सोय झाली तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वी. ती वापरायला भाषांनीच उशीर लावला. जावाने न सांगता यूटीएफ-८ धरलं ते मार्च २०२२ मध्ये, अठराव्या आवृत्तीत. पायथनने तसं करायचं ठरवलं आहे ते ३.१५ पासून. तोवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, आणि त्यांवरून शिकलेल्यांच्या सवयीत, जुना गृहीतक तसाच पडून आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, नवशिक्याला एवढं कशाला? त्याला फाइल उघडू दे, लिहू दे, बाकीचं पुढे कळेल. हा युक्तिवाद मी शिकवताना स्वतः ऐकलाय आणि तो फालतू नाही. पहिल्याच दिवशी बाइटचे तक्ते मांडले तर कुणी दुसऱ्या दिवशी येणार नाही. पण बघा, हाच धडा नवशिक्याला फाइल बंद करण्याविषयी मात्र तळमळीने सांगतो. बफर म्हणजे काय हे न कळताही विद्यार्थी ते पाळतो. तेवढ्याच जागेत एक बिगर-इंग्रजी ओळ बसते. बसत नाही ती सवय. उदाहरणं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्याची ओळ असते, त्याच्या अडचणी धड्यात येतात.

आणि यूटीएफ-८ दिलं की सगळं संपतं, असंही नाही. इथे दोष धड्याचा कमी आणि आपला जास्त. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या, डोंगर-दऱ्यांमधला. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही रीती युनिकोडच्या नियमांत बसतात, दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या, आणि फाइलमध्ये वेगळे बाइट. कोणती रीत उमटणार ते तुमचा कीबोर्ड ठरवतो. ‘ॲप’चंही तसंच: २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडणारे कीबोर्ड चालूच राहिले. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोन जोड्या एक मानत नाही.

यात न सापडणं हे तुलनेने छोटं नुकसान. ‘मजकूर स्वच्छ करा’ नावाचा जो प्रकार विद्याशाखांमध्ये चालतो त्यात पहिली पायरी बहुधा ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ अशी असते. पायथनला विचारलंत तर तो तो अदृश्य जोडक ‘न छापता येणाऱ्या’ चिन्हांतच धरतो. तो काढला की दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. आचाऱ्याला जेवणाचे पैसे दिले होते, ते आचार्याला दिलेले निघतात. शुद्धलेखन तपासणीलाही हे कळणार नाही, कारण नवा शब्दही बरोबरच आहे. इंग्रजी मजकुरावर ही स्वच्छता निरुपद्रवी ठरते, म्हणून ती सरसकट शिकवतात. मी भाषेच्या सामग्रीवर काम करणाऱ्यांबरोबर बसते, आणि ‘स्वच्छ केलेलं मराठी’ असं लिहिलेली फाइल आली की आधी दर्या शोधते.

आता ओळीविषयीच. बॅकस्लॅश एनपाशी ओळ संपते हा संगणकाचा नियम. युनिक्सच्या प्रमाणात तर ओळीची व्याख्याच अशी आहे की शेवटी ती खूण असेल तर ती ओळ. शेवटची खूण विसरलात तर तुमची शेवटची ओळ ही अपुरी ओळ. पण मराठीत ‘ओळ’ म्हटलं की कवितेची, अभंगाची, ओवीची ओळ आधी आठवते. या दोन ओळी एक नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून सुमारे वीस वर्षं जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. आकडा एक लाख दहा हजारांच्या वर गेला. १९९० च्या दशकाच्या शेवटी बर्नार्ड बेल हा फ्रेंच संगीत-संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाला आणि त्या ढिगाचा मजकुराचा डेटाबेस उभा राहिला. आज ‘पारी’च्या संग्रहात त्यातल्या ओव्या वाचता आणि ऐकता येतात. तिथे एक ओवी बहुतेक दोन ओळींत दिसते. आता आपल्या धड्यातला प्रोग्रॅम घ्या, जो ‘एक ओळ म्हणजे एक नोंद’ मानतो. ओवी दोन ओळींत लिहिलीत तर वाचणारा प्रोग्रॅम तिचे दोन तुकडे करतो, आणि मग पहिली अर्धी एका बाईच्या नावावर, दुसरी अर्धी कुणाच्याच नाही. एका ओळीत घातलीत तर श्वास कुठे घ्यायचा ते हरवतं. यावर उपाय आहेत, रिकाम्या ओळीने नोंद वेगळी करणं हा सगळ्यात जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात शहाणा. पण तो निर्णय लिहिण्याआधी घ्यायचा असतो, आणि फाइलच्या डोक्यावर दोन वाक्यांत लिहून ठेवायचा असतो. बेल यांच्या डेटाबेसचं महत्त्व मला तिथे वाटतं: लाखभर ओव्या असूनही गाणारी कोण, गाव कोणतं, ओवी कुठे सुरू होते, हे सुटलेलं नाही.

जेसनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना देऊन टाकते. पायथनचं जेसन आपणहून प्रत्येक मराठी कोडपॉइंटचं बॅकस्लॅश, यू आणि चार आकडी क्रमांक असं रूप करून लिहितं. नुकसान काही होत नाही, वाचताना सगळं परत येतं. पण फाइल उघडून बघणाऱ्या माणसाला एक शब्द कळत नाही, आणि आकारही दुप्पट होतो. ‘इन्शुअर ॲस्की’ला ‘फॉल्स’ म्हणा. कारण ती फाइल कधीतरी कुणीतरी प्रोग्रॅमशिवाय उघडणार आहे. तुमचा मावसभाऊ, किंवा दहा वर्षांनी तुम्हीच.

परदेशात वाढलेल्या तुमच्यासारख्यांना हे मी मुद्दाम सांगतेय. आजोबांची पत्रं, आत्याच्या पाककृती, मंडळाच्या जुन्या नाटकांच्या संहिता हे सगळं टाइप करून ठेवायचं काम घराघरांत तुमच्याकडेच येतं, कारण ‘तुला कॉम्प्युटर येतो’. त्यातलं पुष्कळसं मूळ स्वरूपात फार दिवस टिकणार नाही. काही आधीच कुणीतरी नव्वदच्या दशकात टाइप केलेलंही सापडेल, श्री-लिपीसारख्या फॉन्टात. तिथे तर बाइट इंग्रजी अक्षरांचे आणि देवनागरी फक्त फॉन्टच्या डोळ्यात; फॉन्ट गेला की ओळ गेली. ती रूपांतर करायची वेगळी कथा आहे, पण मूळ फाइल जपून ठेवा आणि फॉन्टचं नाव तिच्या शेजारी लिहा, एवढं आत्ता पुरे.

धडा मी कसा लिहिला असता? चाचणीचं वाक्य बदललं असतं, बस. माझं वाक्य: ‘ऊन पडलं, झाड हललं, दऱ्या दिसल्या.’ ऊ आहे, झ आहे, हलन्त आहे, अर्धा र आहे. एन्कोडिंग यूटीएफ-८ देऊन, शेवटी बॅकस्लॅश एन लावून लिहा. ‘राइट’ने ३४ सांगितलं पाहिजे. मॅकवर किंवा लिनक्सवर फाइल ८४ बाइटची, विंडोजवर ८५. आकडा ३५ आला तर प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. तुमच्या कीबोर्डने दऱ्यांमध्ये तो अदृश्य जोडक घातलाय. मग फाइल बंद करा, पुन्हा उघडून वाचा, आणि वाचलेली ओळ लिहिलेल्या ओळीशी प्रोग्रॅमकडूनच ताडून बघा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, डोळ्यांना दोन्ही दऱ्या सारख्याच दिसतात. त्यानंतर तीच फाइल विंडोजवाल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवा आणि काय दिसतं ते फोनवर विचारा.